घरी घड्याळ जोडणं: सायको मॉड, फर्स्ट कॉपी आणि डायलवरचं नाव

चावीवाला (धागाकर्ता)

मंडळी, मागे एका धाग्यावर कोणीतरी 'चांगली फर्स्ट कॉपी रोलेक्स कुठे मिळेल' असं विचारलं होतं. तिथे मी अवांतर लिहून गेलो की विकत कशाला घेता, स्वतः जोडा की. त्यावर एवढे व्यक्तिगत निरोप आले की शेवटी वेगळा धागाच काढतोय. लांबेल, चहा घेऊन बसा.

मी करतो त्याला मॉडिंग म्हणतात. केस (घड्याळाचं बाहेरचं कवच), डायल, काटे, काच, बेझल (काचेभोवतीची कडी), मशीन, पट्टा असं सगळं सुटं मिळतं, ते मागवायचं आणि घरी टेबलावर बसून जोडायचं. रोलेक्सच्या सबमरिनरसारखं करा, पाटेकच्या नॉटिलससारखं करा, नाहीतर कशासारखंच नाही असं करा. खरी मजा त्या शेवटच्यात आहे असं माझं मत, पण सुरुवात सगळ्यांची सबमरिनरनेच होते, माझीही तिथूनच झाली.

आधी मशीन, कारण बाकी सगळं त्याच्यावर ठरतं. मॉडवाल्यांची गाडी फिरून फिरून सायकोच्या (Seiko, जपानी कंपनी) एनएच३५ वरच येते. ऑटोमॅटिक, २४ ज्वेल्स (घर्षण कमी करणारे खडे), तासाला २१,६०० ठोके म्हणजे सेकंदाला ६, पूर्ण भरलं की साधारण ४१ तास चालतं, चावी ओढली की सेकंद काटा थांबतो आणि हातानेही चावी देता येते. सायकोच्या स्वतःच्या घड्याळात हेच मशीन ४आर३५ म्हणून बसतं, एनएच नावाने बाहेरच्या कंपन्यांना विकतात. याच्या आधीचं ७एस२६, जे सायकोच्याच एसकेएक्स००७ या पाणबुडी घड्याळात १९९६ पासून २०१९ पर्यंत होतं, त्यात ना हाताने चावी देता यायची ना सेकंद थांबायचा, तरी लोक त्याच्यासाठी वेडे होते आणि आजचा सगळा मॉडचा बाजार त्या एसकेएक्सच्या मापांवरच उभा आहे. कंपनी एनएच३५ ची अचूकता दिवसाला -२० ते +४० सेकंद एवढीच सांगते, प्रत्यक्षात नीट लावलं तर बरंच सुधारतं, त्यावर खाली कोणी विचारलं तर लिहीन.

डायल २८.५ मिमीचं. डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात ते मशीनच्या भोकात जातात. इथे नवे लोक हमखास फसतात. काही केसची चावी ३ वाजता असते तर एसकेएक्स टाईपची साधारण ४ वाजता, म्हणजे मशीन आत तिरकं बसतं आणि डायल सरळ राहायला हवं, त्यामुळे पायांची जागा बदलते. बरेच डायल चार पायांचे येतात, नको ते दोन कापायचे. कापायच्या आधी तीनदा बघा, कापलेला पाय परत उगवत नाही. आणि चावी ४ ला असेल तर तारखेची चकतीही त्या मापाची लागते, नाहीतर खिडकीत तारीख अर्धवट आणि तिरपी डोकावते.

काटे बसवणं म्हणजे या छंदाची दहावी. तास काट्याचं भोक १.५ मिमी, मिनिटाचं ०.९ आणि सेकंदाचं ०.२. आधी चावी ओढून वेळ पुढे पुढे फिरवत राहायचं, तारीख टक् करून बदलली की थांबायचं, आता घड्याळाच्या मते रात्रीचे १२ वाजलेत. तिथे तास आणि मिनिट दोन्ही काटे बरोब्बर १२ वर ठेवून दाबायचे. मग बाजूने, डोळा टेबलाच्या पातळीला आणून, भिंगातून बघायचं की दोन्ही काटे एकमेकांना आणि डायलला समांतर आहेत का. तासाचे ठोकळे डायलवर उंच असतात, त्यांना तास काटा घासतो का तेही बघायचं. सेकंद काटा सगळ्यात शेवटी. तो चिमट्याने धरला की उडतो आणि गालिच्यात जातो. मी तो रोडिकोच्या (हिरवं च्युइंगमसारखं असतं ते) टोकाला चिकटवून नेतो, भोक पिनवर टेकलं की हलकेच सोडायचं आणि काटे दाबायच्या पेननं इतकं हळू दाबायचं की दाबतोय की नाही अशी शंका आली पाहिजे. जोर लावलात तर काटा वाकतो आणि वाकलेला सेकंद काटा सरळ झालेला मी अजून पाहिला नाही.

मग चावीची दांडी. मशीनसोबत लांब दांडी येते, ती केसच्या मापाने कापायची. कमी कापलीत तर चावी बाहेर लोंबते आणि स्क्रू होत नाही, जास्त कापलीत तर दांडी अपुरी पडते आणि नवी दांडी मागवा. म्हणून थोडं कापा, कानशीने घासा, लावून बघा, परत थोडं. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून करतो मी.

शेवटी रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस आणि मागचं झाकण बंद. पण बंद करायच्या आधी ब्लोअरने फुंका, तोंडाने नाही, थुंकीचा एक थेंब काचेच्या आतून आयुष्यभर दिसतो.

खर्च म्हणाल तर मशीन कस्टम ड्युटी वगैरे धरून तीन-चार हजारांच्या आसपास पडतं, बाकी केस कुठली घेता त्यावर. हत्यारं सुरुवातीला स्वस्तातली चालतील, फक्त चिमटा आणि भिंग चांगलं घ्या.

विचारा काय विचारायचं ते.

सातारी_तडका

लई भारी! वाचनखूण साठवली. माझ्याकडं पडून आहे एक सायको ५, उघडून बघू का?

चावीवाला

@सातारी_तडका चालू असेल तर उघडू नका. बंद पडलेलं एचएमटी घ्या शिकायला, जुन्या बाजारात मिळतं.

घाटकोपरचा_गणू

एवढा खटाटोप करण्यापेक्षा हाजी अलीला हिरा पन्नामध्ये जाऊन घ्या की, काम तमाम. लांबून कोणाच्या बापाला कळत नाही.

चावीवाला

गणूशेठ, हिरा पन्नाचं नाव अमेरिकेच्या सरकारने २०२१ च्या 'नोटोरियस मार्केट्स' (नकली मालाचे कुप्रसिद्ध बाजार) यादीत घातलं होतं, एवढी त्याची ख्याती. कळत नाही म्हणताय तर जवळून बघा एकदा. रस्त्यावरच्या स्वस्त कॉपीत बहुतेक वेळा सेलवर चालणारं मशीन असतं, काटा सेकंदाला एक उडी मारतो. ऑटोमॅटिक म्हणून देतात त्यात चिनी डीजी२८१३ मशीन असलं तरी नशीब. आणि ते रोलेक्सच्या डेटोनासारखं दिसणारं असतं ना तीन छोट्या डायलवालं, त्याची बटणं दाबून बघा, स्टॉपवॉच सुरूच होत नाही, त्या छोट्या डायल नुसता वार, तारीख आणि २४ तास दाखवतात. म्हणजे घड्याळाने घड्याळाची नक्कल करायची आणि कामाच्या नावाने शंख.

घाटकोपरचा_गणू

😂 बरोबर. माझ्याकडचं तसंच आहे. बटण दाबलं की तारीख पुढे जाते.

सदाशिवपेठी

धागा उत्तम, शुद्धलेखनही बरं आहे. पण मुद्दा राहिलाच. मी या छंदात उलट्या बाजूने आलो, म्हणजे सुपरक्लोनच्या (अस्सलशी अगदी हुबेहूब नक्कल) बाजूने, आणि तिथल्या लोकांबद्दल इथे बरेच गैरसमज आहेत म्हणून लिहितो.

तिकडे लोक तयार नक्कल घेतात आणि मग ती जास्तीत जास्त अस्सलच्या जवळ न्यायच्या मागे लागतात. उदाहरण देतो, तारखेवरचं भिंग. अस्सल रोलेक्सचं तारीख २.५ पट मोठी करतं, खिडकी जवळजवळ भरून जाते. नकलेत भिंग असतं पण तेवढं मोठं करत नाही, तारीख खिडकीच्या मध्ये बिचारी बारकुशी दिसते. मग काच बदलायची. काच बदलली की लक्षात येतं की तारखेच्या चकतीवरचे आकडे जाड आहेत, मग चकती. चकती झाली की तास काट्याच्या मर्सिडिजसारख्या चक्राच्या तीन दांड्या एकसारख्या नाहीत असं दिसायला लागतं. जुन्या ५५१३ च्या (सबमरिनरचं एक जुनं मॉडेल) धर्तीवर बनवणारे तर आणखी पुढे, बेझलची काळी पट्टी ब्लीचमध्ये बुडवून राखाडी करतात, डायलवरचा लुम (अंधारात चमकणारा रंग) पिवळट करायला चहा-कॉफी. त्यांच्या कारागिरीला मी मानतो. भिंगातून तासन् तास बघायची सवय तिथेच लागली मला, आणि खरं सांगायचं तर अस्सल रोलेक्स बनवणारे किती बारीक काम करतात हे मला नक्कल करणाऱ्यांकडून कळलं.

मी विकत नाही, कोणाला अस्सल म्हणून सांगत नाही, घरी बसून करतो. यात कोणाचं काय गेलं?

कमला_मावशी

माझा जावईसुद्धा हेच करतो, जेवणाच्या टेबलावर बारके बारके स्क्रू, परवा कोशिंबिरीत एक सापडला. सोनाटाचं घड्याळ घ्यावं, वेळ तीच दाखवतं. (हलके घ्या.)

विधिज्ञ_विदर्भ

@सदाशिवपेठी काहून कोणाचं जात नाही? कायद्याचं सांगतो, सल्ला समजू नका. आपल्या ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९ मध्ये कलम १०२ ते १०४ बघा. खोटं चिन्ह मालावर लावणं, त्यासाठी ठसा, ब्लॉक, मशीन बनवणं किंवा जवळ बाळगणं हे १०३ मध्ये येतं आणि असा माल विकणं किंवा विकायला ठेवणं १०४ मध्ये. शिक्षा कमीत कमी ६ महिने, जास्तीत जास्त ३ वर्षं, दंड ५० हजार ते २ लाख. फसवायचा हेतू नव्हता हे सिद्ध करता आलं तर सुटका आहे, पण सिद्ध आरोपीने करायचं, हे लक्षात घ्या. नुसतं घालून फिरणाऱ्याच्या मागे हे कलम नाही, बनवणाऱ्या आणि विकणाऱ्याच्या मागे आहे. आता घरी डायलवर रोलेक्सचा मुकुट (त्यांचं चिन्ह) छापणारा माणूस बनवणारा की घालणारा, यावर वाद घालायला मला फी लागते.

झुरिकर

इथे स्वित्झर्लंडमध्ये तर वेगळंच आहे. १ जुलै २००८ पासून खासगी वापरासाठी आणलेली नक्कलसुद्धा कस्टमवाले काढून घेऊ शकतात. त्यामुळे इकडे फिरायला येणाऱ्या मंडळींनी मनगटावरचं तपासून या. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्याला मी आधीच सांगितलं होतं, त्यांनी घरी ठेवलं आणि इथे येऊन विमानतळावर स्वॉच घेतलं.

बे_एरियातून_बंडू

अमेरिकेतल्या दोन केसेस या विषयावर एकदम फिट बसतात म्हणून टाकतो. एक व्हॉर्टिक नावाची छोटी कंपनी, ते शंभर वर्षं जुन्या हॅमिल्टनच्या खिशातल्या घड्याळांची मशीनं घेऊन नव्या केसमध्ये मनगटी घड्याळं बनवतात, डायलवर जुनं हॅमिल्टन नाव तसंच राहतं. हॅमिल्टनने (आता ती स्वॉच ग्रुपकडे आहे) केस टाकली आणि हरली, २०२० मध्ये खालच्या कोर्टात आणि २०२१ मध्ये अपिलात. कारण व्हॉर्टिकवाले स्पष्ट सांगत होते की मशीन जुनं, दुरुस्त केलेलं आहे, बाकी आमचं. दुसरी केस बेकरटाइम, तो जुन्या रोलेक्सवर बाहेरचे डायल, हिऱ्यांचे बेझल लावून 'अस्सल रोलेक्स' म्हणून विकत होता, तिथे रोलेक्स जिंकलं, २०२४ च्या जानेवारीत अपील कोर्टानेही उल्लंघन कायम ठेवलं. म्हणजे मशीन कोणाचं, केस कोणाची यापेक्षा समोरच्याला काय सांगितलंत त्यावर बरंच अवलंबून आहे.

सदाशिवपेठी

@बंडू हेच तर मी म्हणतोय, मी कोणाला काही सांगतच नाही.

चावीवाला

@सदाशिवपेठी तुम्ही नाही सांगत हो, पण घड्याळ सांगतं ना. तुम्ही आहात तोवर ठीक, उद्या तुमचा नातू कपाटात बघणार, आजोबांची रोलेक्स म्हणून दुकानात नेणार. दुकानदाराने ओळखलं तर नातवाची लाज जाणार, आणि नाही ओळखलं तर पुढच्या गिऱ्हाईकाचे लाख गेले. तुम्ही एवढी मेहनत घेऊन जितकं अस्सलच्या जवळ नेलंत तितका तो फसण्याची शक्यता वाढवलीत. माझी एकच विनंती, मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोरून ठेवा, कोणी जोडलं, कुठल्या साली, मशीन कुठलं. बाहेरून दिसत नाही, तुमच्या मजेत खंड नाही.

सदाशिवपेठी

ही सूचना मान्य. लाज वगैरे मान्य नाही, पण सूचना मान्य.

रात्रपाळी

आता मला एक सांगा चावीवाले. तुम्ही रोलेक्सच्या मुकुटावर एवढं प्रवचन दिलंत, पण मॉडच्या बाजारात जे डायल मिळतात त्यावर 'सायको' छापलेलं असतं की नाही? आणि ते सायकोने छापलेलं नसतं, कुठल्यातरी चिनी कारखान्यात छापलेलं असतं. मग रोलेक्स छापलं की नक्कल आणि सायको छापलं की छंद, हे कसं काय? गरिबाच्या नावाची नक्कल चालते का?

बे_एरियातून_बंडू

+१. बरोब्बर पकडलं.

विधिज्ञ_विदर्भ

कायद्याला दोन्ही सारखंच, भाऊ. चिन्ह ते चिन्ह.

चावीवाला

@रात्रपाळी प्रश्न योग्य आहे आणि त्याला पळवाट नाही. लोक म्हणतात आत मशीन तर सायकोचंच आहे ना, पण त्याला अर्थ नाही, मारुतीचं इंजिन बसवलेल्या जीपवर मारुती लिहून विकता येईल का. मी म्हणूनच कोरे डायल घेतो, म्हणजे ज्यावर काहीच छापलेलं नाही असे. मिळतात, थोडे शोधावे लागतात. आणि एक सांगू का, कोरं डायल दिसायला जास्त देखणं असतं, १२ च्या खाली मोकळी जागा राहते ती डोळ्याला बरी वाटते. ज्यांना नाव हवंच असतं ते स्वतःचं छापून घेतात.

कमला_मावशी

जावयाने आमच्या कुलदैवताचं नाव घालायचं ठरवलंय. मी नको म्हटलं, मनगटावर देव आणि हात कुठे कुठे जातात.

माटुंगा_मिडनाईट

डिझाईनचं काय पण? नाव नाही छापलं तरी सबमरिनरसारखंच दिसणार ना.

झुरिकर

डिझाईनवर भांडायला लागलात तर संपणारच नाही. सबमरिनर १९५३ ची, ब्लॉंपाँची फिफ्टी फॅदम्सही १९५३ चीच, दोघींनाही फिरणारी बेझल, काळं डायल, चमकणारे ठोकळे. पाणबुड्याला अंधाऱ्या पाण्यात वेळ वाचायची असली की घड्याळ असंच होतं, शिवाय पुढे सत्तर वर्षं सगळ्यांनी तेच केलं. पण ऑडेमार्स पिगेची रॉयल ओक वेगळी, जेराल्ड जेंटाने काढलेली, १९७२ ची, आठ कोनांची बेझल आणि आठ षटकोनी स्क्रू. १९७६ ची नॉटिलसही त्याचीच. ती आकृतीच त्या घड्याळाची ओळख आहे. सायकोच्या मशीनवर तशी केस लावून 'सायकोक' आणि 'सायकोनॉट' म्हणून जे बनवतात ते मला थोडं खटकतं, बाकी तुमची मर्जी. त्या मॉडमधले आठ स्क्रू बहुतेक वेळा शोभेचे असतात, आणि खाचा वेड्यावाकड्या. अस्सलमध्ये सगळ्या खाचा एका वर्तुळात ओळीने, कारण तिथे षटकोनी डोकं बेझलमध्ये फिट असतं, फिरतच नाही, पाठीमागून घट्ट करतात.

माटुंगा_मिडनाईट

हे माहीत नव्हतं!! आता प्रत्येक रॉयल ओककडे बघणार, म्हणजे विमानतळावर होर्डिंगवर दिसते तेवढीच.

जुनाबाजार_रविवार

उशिरा आलो धाग्यावर. तुम्ही सगळे चिनी नकलांवर बोलताय, आपल्या मुंबईचं नाव जगभर झालंय ते विसरलात. परदेशी संग्राहकांमध्ये 'मुंबई स्पेशल' असा चक्क शब्द आहे. जुनी सायको ५, एचएमटी, फावर ल्युबा, वेस्ट एंड अशी घड्याळं, डायल नव्याने रंगवलेलं, भगवं, जांभळं, पोपटी, कंपनीने कधी बनवलंच नाही असं, वर ठसठशीत छपाई, काटे तिसऱ्याच घड्याळाचे, आणि ईबेवर 'मिंट कंडिशन' म्हणून.

ओळखायचं कसं? सायको असेल तर डायलच्या अगदी तळाला, ६ च्या खाली, बारीक अक्षरात कोड असतो, त्याचे पहिले चार आकडे म्हणजे मशीनचा नंबर, समजा ७००९. मागच्या झाकणावरही ७००९ ने सुरू होणारा नंबर हवा. रंगवलेल्या डायलवर तो कोड एकतर नसतो नाहीतर पुसट काहीतरी ओरखडा असतो. झाकणावरच्या सिरियलचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना, १ ते ९ आणि मग ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला इंग्रजीतला ओ, एन, डी. डायलच्या खिडकीची कड बघा, रंग आत ओघळलेला असतो. ठोकळ्यांच्या बुडाशी रंग साचलेला असतो, कारण ठोकळे न काढताच फासलेलं असतं.

एचएमटी जनताचं तसंच. आत ०२३१ मशीन, चावीचं, १७ ज्वेल्स, तासाला १८,००० ठोके, साधं आणि दणकट, सिटिझनच्या मदतीने १९६१ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या कारखान्याची परंपरा. देवनागरीत 'जनता' लिहिलेली डायलं होती, ती लोकांना हवीहवीशी झाली, आणि २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवल्यावर भाव चढले तशी रंगवलेली जनता ढिगाने आली. देवनागरी अक्षरांची वळणं बघा, रंगवणाऱ्याला कधी कधी 'ज' जमत नाही.

पण मी त्या रंगवणाऱ्यांची बाजू घेणार आहे. जुन्या घड्याळजीकडे माणूस येऊन म्हणायचा की डायल काळं पडलंय, नवं करून द्या, साखरपुड्याला घालायचंय. त्याने रंगवून दिलं, काटा तुटला होता तर दुसऱ्याचा लावला, घड्याळ चालू केलं. त्याने कोणाला फसवलं? घड्याळ ही वापरायची वस्तू होती, त्याचा संग्रह होईल असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. फसवणूक झाली ती त्याच घड्याळाला पुढे कोणीतरी 'ओरिजनल, न वापरलेलं' म्हणून फोटो टाकला तेव्हा. चावीवाल्यांचं झाकणाच्या आत कोरायचं जे आहे ना, जुने घड्याळजी करायचेच ते, झाकण उघडा, आत सुईने खरडलेल्या तारखा आणि सह्या सापडतात, कधी दुरुस्त केलं त्याच्या.

सदाशिवपेठी

@जुनाबाजार_रविवार वा. असा प्रतिसाद असला की धागा वर ठेवावासा वाटतो. पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी नाहीतर रविवारी, तुम्ही भेटाल का?

जुनाबाजार_रविवार

रविवारी सकाळी लवकर. नऊनंतर उरतो तो रंगवलेलाच माल.

डॉक्टर_दादरकर

एक धोक्याची सूचना, कोणी लिहिली नाही म्हणून. फार जुन्या घड्याळांची रात्री चमकणारी डायलं रेडियमची असू शकतात. आता चमकत नसली तरी रेडियम तिथेच असतं, चमक जाते ती त्यातल्या दुसऱ्या रसायनाची. झाकण बंद आहे तोवर ठीक, पण ते डायल खरवडू नका, काट्यातला जुना लुम उकरू नका, त्याची धूळ श्वासातून आत जाणं वाईट. नव्या घड्याळात सुपरल्युमिनोव्हा वगैरे असतं ते किरणोत्सारी नाही, ते बिनधास्त लावा.

चावीवाला

@डॉक्टर आभार, हे मूळ धाग्यात असायला हवं होतं. संपादक मंडळाला विनंती करून वर टाकून घेतो.

नवा_खेळाडू

मदत हवी. चावीवाल्यांच्या धाग्यावरून पहिलं घड्याळ जोडलं, एनएच३५ आणि कोरं निळं डायल. दिसतंय झकास. पण दोन अडचणी. एक, रोज साधारण त्याच वेळेला बंद पडतं, हलवलं की परत सुरू. दोन, चालतं तेव्हा दिवसाला चार-पाच मिनिटं पुढे जातं. मशीन खराब आलं का?

चावीवाला

मशीनला दोष द्यायच्या आधी, 'त्याच वेळेला' म्हणजे कितीला? काटे तेव्हा एकमेकांवर येतात का?

नवा_खेळाडू

साधारण सव्वातीनच्या आसपास. हो, तास आणि मिनिट काटा जवळजवळ एकावर एक.

चावीवाला

मग ठरलं. मिनिट काटा तास काट्याला टेकतोय. दोन्हीत अंतर कमी राहिलंय. चावी हळूहळू फिरवत बाजूने भिंगातून बघा, जिथे टेकतात तिथे तास काट्याचं टोक वर उचललेलं दिसेल. काटे काढताना डायलवर प्लॅस्टिकचा पातळ तुकडा ठेवा, दोन्ही बाजूंनी एकदम उचला, आणि परत लावताना तास काटा पूर्ण खाली बसवा.

पुढे जाण्याचं बहुतेक चुंबकत्व. दिवसाला मिनिटांत पुढे जातंय म्हटल्यावर हेअरस्प्रिंगचे (ठोक्यांचा वेग ठरवणारी केसासारखी स्प्रिंग) वेढे एकमेकांना चिकटत असणार. मोबाईलचा स्पीकर, लॅपटॉपचं झाकण, बायकोच्या पर्सचं चुंबकाचं बटण, कुठेही लागतं. डिमॅग्नेटायझर मिळतो निळा डबा, बटण दाबून घड्याळ त्याच्यावर धरायचं, बटण दाबलेलंच ठेवून हात लांब न्यायचा आणि मग सोडायचं. उलटं केलंत, म्हणजे जवळ असताना बटण सोडलंत, तर परत तसंच होतं.

बे_एरियातून_बंडू

त्यानंतरही पुढेमागे असेल तर टाइमग्राफरवर (ठोके ऐकून वेग मोजणारं यंत्र) ठेवून बघा. एनएच३५ ला लिफ्ट अँगल (यंत्रात भरायचा, मशीननुसार ठरलेला कोन) ५३ टाका, नाहीतर ॲम्प्लिट्यूड (आतलं चाक किती अंश झुलतं ते) चुकीचा दाखवेल. पूर्ण चावी दिलेलं, डायल वर करून, २५० च्या वर अंश आले तर तब्येत चांगली. मग रेग्युलेटरची कडी केसभर सरकवा. दोन कड्या असतात, एक वेग बदलते आणि दुसरी ठोक्यांचा तोल, चुकून दुसरी हलवू नका.

नवा_खेळाडू

चुंबक काढलं, आता दिवसाला +११ सेकंद!! काटेही लावले परत. सव्वातीन ओलांडून गेलं काल. फक्त तारीख आता १२ वाजून १८ मिनिटांनी बदलते. परत काढू का?

चावीवाला

अजिबात नाही. कारखान्यातून आलेल्यातही कधी कधी एवढा फरक असतो. काटा जितक्या वेळा काढाल तितकं भोक सैल होतं. घाला आणि फिरा.

सातारी_तडका

फोटू टाका की राव!

घाटकोपरचा_गणू

पाण्यात चालेल का हे? १५ ऑगस्टला अलिबागला जायचंय, मी पण एक जोडीन म्हणतो.

चावीवाला

केसवर २०० मीटर लिहिलेलं असलं तरी ते कारखान्यात दाबाची चाचणी झालेल्या केसबद्दल असतं, तुम्ही घरी झाकण लावलंय. रिंग मुडपली असेल, काच नीट दाबली गेली नसेल. घड्याळ दुरुस्तीच्या चांगल्या दुकानात प्रेशर टेस्टर असतो, तिथे तपासून घ्या. तोवर हात धुवायला हरकत नाही, समुद्रात सोनाटा घाला. मावशींनी सुचवलेलं.